भंडारदऱ्याच्या वाळूवरचे सात दगड

मी अडतीस वर्षं गणित शिकवलं. दोन आणि दोन चारच होतात, कुणाच्या अंगात आलं म्हणून पाच होत नाहीत — हे मी इतक्या पोरांच्या डोक्यात भरवलंय, की मी असलं काही लिहायला बसले हे कळल्यावर त्यातली निम्मी तरी पोट धरून हसतील. हसू देत. आमच्या शाळेतल्या एका बाईंना पिंपळाखाली कुणीतरी दिसलं होतं, तेव्हा आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या असं मी त्यांना सगळ्या स्टाफसमोर सुनावलं होतं. तुमच्या या सदरातले अनुभवसुद्धा मी वाचते ते, खरं सांगायचं तर, चुका काढायला. पण हा एक अनुभव माझा स्वतःचा आहे, आणि त्यातली चूक पन्नास वर्षं शोधूनही मला सापडलेली नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. आम्ही नगरचे. वडील चर्चचे पाळक. आई आम्ही लहान असतानाच क्षयाने गेली, त्यामुळे माझ्याहून सहा वर्षांनी लहान बहीण, सुलू, मीच वाढवली. तिची वेणी मी घालायची, तिनं काय खायचं ते मी ठरवायचं, कुठल्या मैत्रिणीकडे जायचं नाही तेही मीच. मी बावीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. त्या वर्षी फेब्रुवारीत सुलूला खोकला लागला. मार्चमध्ये रुमालावर रक्त दिसलं. आईचंही असंच सुरू झालं होतं, त्यामुळे आम्हाला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

तेव्हा क्षयाला औषध नव्हतं हो. डॉक्टरांनी सांगितलं — उंचावरची कोरडी हवा, दूध, अंडी, ऊन आणि विश्रांती. मग बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, पावसाळ्यापर्यंत बघू. मी दाराआड उभी होते. ‘बघू’ म्हणजे काय ते मला नीट कळलं.

सुलूला मात्र मुंबईला जायचं होतं. समुद्र बघायचा होता. दमट हवा नको, असं डॉक्टर म्हणाले तर ही तीन दिवस रुसून बसली. शेवटी शाळेला सुट्टी लागल्याबरोबर मी तिला भंडारदऱ्याला घेऊन गेले. पेट्रोल मिळत नव्हतं, कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार होती, तीही चढ आला की दम टाकायची. राजूरपासून पुढे बैलगाडी. धरणाजवळच्या शेंडी गावात भागाबाई नावाच्या कोळणीच्या घरात आम्ही एक खोली घेतली. भागाबाई पन्नाशीच्या, अंगानं काटक, बोलायला मोकळ्या. सुलूचा आजार सांगितल्यावर दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. त्या म्हणाल्या, “ऱ्हावा की. हवा काय माझ्या बापाची हाय व्हय?”

आता जागा नीट सांगते. शेंडीहून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रतनवाडीच्या दिशेला निघालं, की आमच्या पावलांनी अर्ध्या तासावर एक उतार लागायचा. उताराखाली काळ्या खडकाच्या दोन सोंडा पाण्यात गेलेल्या, आणि त्यांच्या मधे वाळू आणि गोटे. आमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या खोलीएवढी जागा, त्याहून मोठी नाही. ही वाळू धरणाची नव्हे, जुन्या प्रवरा नदीची. धरण होऊन वीसेक वर्षं झाली होती. पाणी भरलं की ती जागा बुडायची आणि उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सोडून पातळी उतरली, की दीड-दोन महिने उघडी पडायची. दुपारी वारा सुटला की तिथं छोट्या छोट्या लाटा यायच्या, गोट्यांवरनं खळखळत परत जायच्या. सुलूनं ते पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. “ताई, हा माझा समुद्र!” म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. मग आम्ही रोज जायला लागलो. माझ्या खांद्याचा आधार घेत, वाटेत तीनदा बसत ती यायची. एका सोंडेच्या सावलीत घोंगडी टाकायची, तिनं पडून पाणी बघायचं, मी पुस्तक वाचायचं. दुपारी चारला तिला ताप भरायचा, एकशे एक, घड्याळ लावल्यासारखा. थर्मामीटर माझ्या पर्समध्येच असायचा आणि आकडे मी वहीत लिहायचे.

मी रिकामी बसणारी नव्हे. जूनमध्ये पहिलीच्या वर्गाला मोजायला खडे लागायचे, म्हटलं इथले काय छान गुळगुळीत आहेत, शंभर घेऊन जाऊ. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन वेचायला बसले. त्र्याण्णव झाले आणि मनासारखा एकही मिळेना. तेवढ्यात खडकाच्या कपारीत, अगदी वाळूच्या टोकाशी, सात काळे दगड दिसले. लिंबाएवढे, चपटे, एकाशेजारी एक. सात कमी आणि सातच समोर! मला कोण आनंद झाला. उचलले, पिशवीत टाकले, घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं.

आधी फक्त आवाज. दुपारी डोळा लागत आला की बायकांचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. धुणं आपटल्याचा आवाज, बांगड्या, मधेच कुणीतरी खुदकन हसायचं. वाडीतल्या बाया पलीकडे धुवायला येत असतील असं मी धरून चालले. डोळे उघडले की पाणी आणि ऊन, बाकी कुणी नाही. मग दोन-तीन दिवसांनी त्या दिसायला लागल्या. आता ‘दिसायला लागल्या’ म्हणजे काय, हे मला नीट सांगता येत नाही... जाग आणि झोप यांच्या मधे जो काही वेळ असतो ना, तेवढ्यात त्या असायच्या. लुगडी खोचलेल्या, केस मोकळे, पायाच्या घोट्यापर्यंत पाण्यात. उन्हात त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायच्या. भीती? नाव नको. उलट इतकं शांत वाटायचं, की मला त्या काळजीच्या दिवसांत ती पंधरा मिनिटं सुखाची वाटायची. सवयीनं मी मोजल्या. सात.

“किती आहेत गं?” सुलूनं एकदा शेजारून विचारलं. डोळे मिटूनच.

मी दचकले. “कोण किती?”

“त्या. मला सात दिसतात. तुला?”

मी म्हटलं, वाडीतल्या बायका आहेत, गप झोप. पण त्या दिवशी मी चारला थर्मामीटर लावला तर साडेअठ्ठ्याण्णव. ताप नाही! दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वाळूवर असेपर्यंत ताप नाही, खोकला नाही, गालांवर रंगसुद्धा. आणि घरी परत आणली की एकशे दोन, एकशे तीन. ती घरी जेवेना. भागाबाईंनी केलेली नाचणीची भाकरी, दूध, सगळं तसंच राहायचं. सकाळी उठल्यापासून एकच धोशा — “चल ना ताई, समुद्रावर चल.” मला वाटलं हवा मानवतेय. केवढी मूर्ख होते मी!

मग तो दिवस. वारा पडला होता, पाणी आरशासारखं. मला गाढ झोप लागली असावी. जाग आली, म्हणजे तसलीच अर्धवट जाग, आणि मी मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठ. आठवी बुटकी होती, लुगड्यात नव्हे, परकरात. दोन वेण्या, त्या मीच सकाळी घातलेल्या. ती गुडघ्यापर्यंत पाण्यात होती आणि बाकीच्या सातजणींनी तिला मधे घेतलं होतं, जत्रेत पोर हरवू नये म्हणून घेतात तसं. मी “सुलेऽऽ” म्हणून किंचाळले आणि धावत सुटले... आणि घोंगडीला पाय अडकून पडले. सुलू घोंगडीवरच होती. उशाला हात घेऊन झोपलेली. तिला गदागदा हलवलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि इतक्या रागानं माझ्याकडे पाहिलं की मी हातच काढून घेतला. “कशाला उठवलंस?” म्हणाली. तिचे केस मुळापासून टोकापर्यंत ओले होते. घोंगडी कोरडी, परकर कोरडा.

घरी आणताना ती चार ठिकाणी बसली. शेवटचं तर मी जवळजवळ उचलूनच आणलं.

मी काही बोलले नव्हते. पण संध्याकाळी दिवा लावताना भागाबाईंचा धक्का खुंटीवरच्या पिशवीला लागला, खडे जमिनीवर सांडले, आणि ते सात काळे दगड बघून बाई मटकन खालीच बसल्या.

“बाई, ह्ये कुटनं आनले तुमी?”

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “आसरा हायेत त्या. पान्यातल्या साती बहिनी. आमचं जुनं गाव त्या पान्याखाली हाय. धरन झालं तवा मानसं उठून वर आली, पन त्यांना कोन आननार? त्या नदीच्या, त्या तितंच ऱ्हायल्या. दर साली पानी उतरलं की आमी जातो, शेंदूर लावतो, बांगड्या ठिवतो. औंदा माझं गुडगं धरलं हुतं म्हून उशीर झाला. आन शेंदूर पान्यानं धुऊन जातो, तुमाला तरी कसं कळावं.”

“दगड आहेत ते, भागाबाई,” मी म्हटलं. आवाज मात्र नेहमीचा लागला नाही.

“आसंल. पन तुमी त्यांचं घर मोडलं. घर मोडल्यावर बाईमानूस कुटं जाईल? हिंडल. वाईट न्हाईत वो त्या. पोरी लई आवडत्यात त्यांना, दुखनाईत पोर दिसली तर कडंवरच घेत्यात.” मग सुलूकडे बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, “निम्मी तिकडं गेलीया ही. ज्यानं उचललं त्यानंच ठिवायचं. बांगड्या, दहीभात, आन हात जोडून म्हनायचं — आई, चुकलं.”

दगड परत ठेवायला माझी ना नव्हती. पण हात जोडायचे? दगडाला आई म्हणायचं? हे आज वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. आमच्या घरात क्षुल्लक नव्हतं. लपून म्हसोबाला नारळ फोडणाऱ्यांची बाबा रविवारी भर चर्चमध्ये कानउघाडणी करायचे. त्या बायका मान खाली घालून उभ्या राहायच्या. आणि बाबांना नावं कोण पुरवायचं? मी! मोठ्या ऐटीत पुरवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, दगड कपारीत ठेवले, हात झटकले आणि मागे न बघता आले. झालं, म्हटलं. फिटंफाट.

कसलं काय! सुलू त्या दिवशी उठलीच नाही. पुढचे चार दिवस ती उठली नाही. ताप एकशे चार. तिला मी हाक मारली की ‘ओ’ यायची ती फार लांबून आल्यासारखी, आणि ओठांवर हसू असायचं. ते हसू मला बघवत नव्हतं. मी गुडघे टेकून टेकून प्रार्थना केली. बाबांना तार करायला राजूरला माणूस पाठवला. पाचव्या दिवशी सकाळी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला ‘अहो बाई’ म्हणाली. मला! ओळखच नाही. मी बाहेर येऊन भागाबाईंना म्हटलं, “दहीभात लावा.”

त्यांनी भात लावला. स्वतःच्या पेटीतल्या नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्या काढून दिल्या आणि सुलूच्या उशाशी जाऊन बसल्या.

ऐन दुपारी मी त्या वाळूवर एकटी होते. कपारीपुढे बसले. भात ठेवला, बांगड्या ठेवल्या. हात जोडवेनात. तसाच किती वेळ गेला कुणास ठाऊक. आधी मी माझ्या देवाला म्हटलं, बघू नकोस. अगदी असंच म्हटलं, लहान पोरासारखं. मग हात जोडले. “आई, चुकलं,” म्हटलं. एकदा म्हटल्यावर थांबताच येईना. चुकलं, चुकलं गं, माझी एकच आहे, तुम्ही सात आहात, मला एकच आहे... रडून रडून नाकाडोळ्यांतून पाणी. मागे बांगड्या वाजल्या. पाण्याचा वास आला, जुन्या विहिरीत वाकल्यावर येतो तो. माझ्या डोक्यावर गार हात ठेवल्यासारखं झालं आणि केसांतून हळूच फिरलं. मी वळून पाहिलं नाही. आज लाज वाटत नाही सांगायला, मला तो हात तसाच राहावासा वाटला.

सगळं शांत झालं तेव्हा मी डोळे पुसले आणि सवयीनं दगड मोजले. आठ.

मी गणिताची बाई आहे. उचलताना सात मोजले होते, ठेवताना सात मोजले होते. आता तीनदा मोजले, बोट लावून. आठ. आठवा लहान, फिका, बाकीच्यांच्या मधोमध. कपारीत सावली होती, सातही दगड गार होते आणि हा चटका बसेल इतका गरम. मी तो उचलला. कुणी सांगितलं नव्हतं, पण उचलला. पदरात घट्ट गुंडाळून चालत सुटले. उन्हात, तापलेल्या वाटेनं चालले होते, आणि दगड गार होत होता. अर्ध्या वाटेवरच्या एका जांभळीपाशी तो कोमट होता. भागाबाईंच्या उंबऱ्याशी पोचले तेव्हा तो माठातल्या पाण्याइतका गार.

सुलू भिंतीला टेकून बसली होती. घामानं चिंब. “ताई,” म्हणाली, “भाकरी आहे का गं?”

थर्मामीटर लावला. साडेअठ्ठ्याण्णव. घरात. त्या रात्री ताप आला नाही आणि पुढेही आला नाही. दगड भागाबाईंनी माझ्या हातातून घेतला. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. तार मिळून दोन दिवसांनी बाबा पोचले तर सुलू अंगणात कोंबड्यांमागे फिरत होती. जूनमध्ये नगरला छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, हवा फारच मानवली. बाबांनी चर्चमध्ये उपकारस्तुती केली. मी पुढच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. त्यानंतर मात्र बाबांना मी कुणाचं नाव पुरवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, दगड मोजताना चुकली असशील. ताप आपोआप उतरला असेल. केसांना घाम आला असेल. हे सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. उत्तर जुळत नाही, बस.

सुलू जगली. नुसती जगली नाही, नर्स झाली, मिरजगावला दिली, दोन मुलं झाली. त्या उन्हाळ्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. तिला आठवत नाही, असंच मी धरून चालले होते. मग तिच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी माजघरात वाटाणे सोलत बसलो होतो. बाहेर मांडवाची गडबड. आणि एकदम, मान वर न करता, ती म्हणाली, “ताई, त्या दिवशी तू मला न विचारताच घेऊन आलीस.”

माझा हात थांबला. “काय विचारायचं होतं?”

“यायचंय का, म्हणून.”

ती शेंगा सोलतच होती. “तिथं दम लागत नव्हता गं,” म्हणाली. “काहीच दुखत नव्हतं. त्या केस विंचरायच्या माझे. आईसारखं. तू ओढलंस तेव्हा इतकं दुखलं... सगळं अंग परत आलं ना.”

“सुलू, विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?”

तिनं थोडा वेळ विचार केला. खरंच विचार केला. “हो,” म्हणाली.

“मग मी तरीही आणलं असतं,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली आणि हसली. रागावली नव्हती. तेवढ्यात तिच्या मुलीनं बाहेरून “आईऽऽ” म्हणून हाक मारली, आणि सुलू मांडीवरची सालं झटकून, गुडघ्यावर हात देत उठली आणि “आले गं” म्हणत बाहेर गेली.